वनजाच्या केसांचा नवस

१३ जुलै १९८६, रविवार. सकाळी ११

नवी वही. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधलं रेकॉर्ड बुक. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला कोरं पान. रेघांवर मजकूर, कोऱ्यावर ग्राफ.

विषय: वनजाच्या केसांची गळती. पुट्टीला, म्हणजे आमच्या लेकीला, चार महिने झाले. गेले पंधरा दिवस न्हाणीघराच्या मोरीत पाणी तुंबतंय. आज तार घालून ओढलं तर हातभर गुंता निघाला. वनजा पुट्टीला खांद्यावर घेऊन दारातून बघत होती. मग आत गेली.

लेडी डॉक्टरचं म्हणणं, बाळंतपणानंतर असं होतंच. आठ-नऊ महिन्यांनी आपोआप थांबेल, काही करायला नको. हे काय उत्तर झालं? मी सोळा वर्षं डेमॉन्स्ट्रेटर आहे. आपोआप काही होत नसतं.

तेव्हा आजपासून रोज केस मोजणे. उपाय आयुर्वेदिकच. डिसेंबरच्या आत वेणी होती तशी झाली पाहिजे. जबाबदारी सर्वस्वी माझी, वनजाला कसलाही त्रास द्यायचा नाही.

आजचा काउंट: उशी, कंगवा, मोरी मिळून ११२. मोजून मान अवघडली. दुपारी झोपलो.

१४ जुलै, पहाटे ५.३०

लिहायला ही वेळ उत्तम. वनजा पुट्टीला घेऊन अंगणात फेऱ्या मारतेय, त्यामुळे घरात शांतता आहे.

डिसेंबरच का, ते एकदा लिहून मोकळा होतो. ही वही कोणी वाचणार नाही.

नऊ मार्चला पुट्टी झाली आणि वनजाचं रक्त थांबेना. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली, रक्त लागेल, लगेच. फिजिक्सच्या पद्मनाभचा ग्रुप जुळला, तो आत गेला. मी व्हरांड्यात. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती, नुकतीच तिरुपतीहून आलेली. डोक्याचा तुळतुळीत गोटा, त्यावर चंदन, कपाळभर कुंकू, आणि मजेत शेंगा सोलून खात होती. शेजारी तिचा नवरा, तोही शेंगा खात. मला एकदम वाटलं, हे असं जमतं तर. हात जोडले आणि बोलून गेलो: टी. नरसीपूरच्या गुंजा नरसिंहा, हिला वाचव, पोरीच्या जावळाबरोबर हिची मुडी तुझ्या पायाशी वाहीन.

मुडी म्हणजे तीन बोटं केस नव्हे. सगळं डोकं.

तासाभराने डॉक्टर म्हणाली, धोका टळला. मी भिंतीला टेकून रडलो. तेव्हा केस म्हणजे काय हेसुद्धा मला आठवत नव्हतं. ती जगली होती, बस्स.

घरी येताना आठवलं की ती बाई कन्नड होती, त्यांच्यात चालतं. आम्ही मराठे. सरदारांबरोबर घोड्यावरून इथे म्हैसूरला आलो, लष्कर मोहल्ल्यात राहिलो, इडली खायला लागलो, पण काही गोष्टी सुटल्या नाहीत. आमच्यात बाईच्या डोक्याला वस्तरा लागायचा तो एकाच कारणाने, तोही पणजीच्या काळात. म्हणजे हिशेबाने हा नवस फेडायचा तर आधी मला मरावं लागेल.

माझे केस का नाही बोललो? देवाला द्यायचं ते घरातलं सर्वांत मोलाचं द्यावं. वनजाची वेणी कमरेखाली होती. माझे केस देणं म्हणजे देवाचा अपमान झाला असता. विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

वनजाला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. आईने जावळाचा दिवस पंचांग बघून धरलाय, ७ डिसेंबर. आधी तेलाने केस दाट करायचे. मग सांगायचं. म्हणजे दिले तरी याच तेलाने परत येतील, असा पुरावा हातात राहील. आधी औषध, मग बातमी.

२० जुलै, रविवार

गल्लीच्या टोकाच्या कृष्णमूर्ती पंडितांकडे वनजाला घेऊन गेलो. इथे वैद्याला पंडितरूच म्हणतात. पुट्टी वनजाच्या कडेवर, छत्री माझ्याकडे. पंडितांनी नाडी बघितली, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, किती वाजता झोपतेस, किती वाजता उठतेस विचारलं. वनजा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, लीव्ह संपून महिना झाला. तिने आपली ड्यूटी सांगितली. मग पुट्टीची सांगितली. पंडितांनी चष्मा काढून ठेवला.

म्हणाले, तीन औषधं. पहिलं, सलग पाच तास झोप. दुसरं, बसून, गरम, तूप घालून जेवण. तिसरं, डोक्याला तेल. याच क्रमाने. वनजा हसली. पंडित हसले नाहीत.

पहिली दोन किरकोळ आहेत, कोणीही सांगेल. तेलाची कृती लिहून घेतली: माका, जास्वंद, मेथी, आवळा, कढीपत्ता, खोबरेल. माक्याला इथे गरुग म्हणतात.

काउंट १२६. सोमवारपासून जोरात सुरुवात.

२७ जुलै, रविवार

सुरुवात आज. आठवडाभर मिडटर्मच्या प्रॅक्टिकल होत्या.

वनजाची सकाळची ड्यूटी होती. पुट्टीला आईकडे दिलं. कृती वाचली आणि लक्षात आलं की पंडितांना टेंपरेचर कंट्रोलची कल्पना नाही. मंद आचेवर तीन तास म्हणे. मी लॅबमधला थर्मामीटर आणला होता, मोठ्या आचेवर चाळीस मिनिटांत तेच उरकायचं ठरवलं. पस्तिसाव्या मिनिटाला थर्मामीटर फुटला. पाऱ्याचं तेल फेकून द्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला मेथी खाली लागली. धूर माजघरापर्यंत. आई पुट्टीला पदराखाली घेऊन अंगणात पळाली आणि तिथून ओरडत होती, अय्यो, माझं इडलीचं पातेलं की रे ते, सुम्ने गप बसायला काय होतं तुला!

तिसऱ्या खेपेला तीन तास, मंद आच. दोन बाटल्या तेल निघालं. रंग काळपट हिरवा, वास बरा.

वनजा दोन वाजता आली. स्वयंपाकघर बघितलं, पदर खोचला, घासायला बसली. मी म्हटलं की मी नंतर करणारच होतो. खरंच करणार होतो.

बाळाच्या आईला थेट नवं तेल लावणं बरोबर नाही. आधी सेफ्टी टेस्ट. स्वतःच्या डोक्यावर.

१० ऑगस्ट, पहाटे ५.४०

सेफ्टी टेस्ट पूर्ण. परिणाम चांगला. थंड वाटतं. पण दोन आठवडे म्हणजे फार थोडे, म्हणून टेस्ट चालू ठेवतो.

वनजाच्या बाजूने अडचण आहे. तेल लावून तासभर बसायचं, मग शिकेकाई, मग केसांना धूप. मी टाइमटेबल करून दाराच्या मागे लावलं. दोन आठवड्यांत एकदाही पाळलं गेलं नाही. तेल लावलं की पुट्टी उठते. पुट्टीला घेतलं की तिच्या अंगाला तेल, ती हातातून सटकते. तिला पुसलं की दूध. दूध झालं की ड्यूटी.

काल वनजाने विचारलं की पहाटे पाच ते सात पुट्टीला मी घेईन का. म्हणजे तिला तेवढी झोप मिळेल, तेल राहिलं तरी चालेल. मी तिला समजावलं की हीच माझी नोंदीची वेळ आहे, आणि नोंदी तिच्यासाठीच आहेत. ती म्हणाली, हो का. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. बहुधा भारावली असावी.

काउंट १४८. माझ्या डोक्याचा काउंट ४. तुलनेसाठी माझाही ग्राफ सुरू केलाय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. रात्री

कॉलेजात झेंडावंदन, घरी वरमहालक्ष्मी. आईने कलश मांडला. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या. वनजाने रेशमी साडी नेसली. आईने तिला माळायला दोन हात मल्लिगेचा गजरा आणला होता. मल्लिगे म्हणजे आपला मोगराच, पण म्हैसूरचा, वास गल्लीभर.

गजरा वेणीत राहीना. एकदा सटकला, पिना लावल्या. वाकून नमस्कार केला तर पिनांसकट खाली. वेणीपेक्षा गजरा जाड.

वनजा मागच्या पायरीवर जाऊन बसली, गजरा मांडीवर. मी गेलो. म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा अत्तींना (म्हणजे आईला) माझी वेणी घालायला दोन्ही हात लागायचे. आता एका बोटात मावते. एक्स्चेंजमधल्या मुली विचारतात, टायफॉइड झाला होता का. आणि मग रडली. आवाज न करता, कारण बाहेर बायका होत्या.

मला फार वाईट वाटलं. त्याच वेळी सांगायला हवं होतं की अगं, हे जे थोडे राहिलेत तेही मी देऊन बसलोय. पण त्या क्षणी ते बरं दिसलं नसतं.

आज रात्री नक्की सांगतो.

१६ ऑगस्ट

झेंडावंदनाला दोन तास उन्हात उभं राहिल्यामुळे काल लवकर झोप लागली. आज सांगतो.

७ सप्टेंबर, रविवार

काउंट १५९. तेल कमी पडतंय. दुसरी बाटलीही अर्ध्यावर आली. वनजाने एकूण चार वेळा लावलंय. बाकीचं टेस्टमध्ये.

पद्मनाभ स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाला की नागोजीराव, तुमचे केस सॉलिड झालेत, विग आहे का. ओढूनही बघितले. मी त्याला ग्राफ काढून दाखवला. आमच्या खापरपणजोबांच्या मिशीला म्हणे लिंबू टांगायचे. माझी मिशीही भरून आलीय, तिला रोज दोन थेंब लावतो. तेलात दम आहे हे सिद्ध झालं. आता फक्त वनजाने मनावर घ्यायला हवं.

संध्याकाळी आईचा अंदाज घेतला. कोपऱ्यावरची जयलक्ष्मी तिरुपतीला डोकं देऊन आली, तो विषय काढला. आई म्हणाली, त्यांच्यात आहे, त्यांना बरं दिसतं. मी म्हटलं, आपल्यात एखाद्याने बोललाच असा नवस तर? आईने तांदूळ निवडायचं थांबवलं. नवरा पुढ्यात जिता बसलेला असता सवाष्ण डोकं देते का बा? शत्रूच्याही घरी असं बोलू नये. मग माझ्याकडे बघून, तू कशाला विचारतोस? मी म्हटलं, लॅबमधल्या एका पोराचा प्रॉब्लेम आहे.

म्हणजे आईला सांगायचं नाही. फक्त वनजाला. पत्र लिहायचं ठरवलं. लिहिण्यात मी स्पष्ट असतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दसऱ्यात काहीच जमलं नाही. कृष्णराजनगरहून आईचे भाऊ खंडोजीराव सहकुटुंब जंबूसवारी, म्हणजे हत्तीची मिरवणूक, बघायला आले, सात माणसं, नऊ दिवस. वनजाने ड्यूट्या बदलून घेतल्या, सगळ्यांचं केलं. एकदा भाजी ढवळताना उभ्याउभ्या डोळा लागला, पुट्टी कडेवर. हात भाजला थोडा. मी लगेच कोरफड लावली. आयुर्वेद कुठेही उपयोगी पडतो.

पाहुण्यांच्या गादीवर केस सापडले. मामी म्हणाल्या, घरात मांजर पाळलंय का.

काउंट १७१. ग्राफ कागदाच्या वर गेला, वर दुसरा कागद चिकटवला.

पत्र लिहिलं होतं. "प्रिय वनजास" पर्यंत चांगलं झालं होतं.

मात्र आज फेऱ्या मारता मारता (एकटाच, पुट्टी वनजाकडे) एक गोष्ट लक्षात आली आणि छातीवरचा दगड उतरला. देव आपणच थोडे थोडे नेतोय. रोज दीडशे-पावणेदोनशे. वस्तरा नको, आई नको, बोभाटा नको. या वेगाने ७ डिसेंबरपर्यंत नवस आपोआप फिटेल.

तसं असेल तर मी उगाच तेल लावून देवाच्या कामात अडथळा आणतोय. विचार करायला हवा. थकलोय.

दिवाळीची पहिली आंघोळ. तारीख बघायला वेळ नाही

आज तरी मुहूर्ताचं तेल टळणार नव्हतं. आईने पुट्टीला घेतलं. वनजाला पाटावर बसवून मी स्वतः तिच्या डोक्याला तेल लावलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या डोक्याला हात लावत होतो असं नाही, पण असा कधी लावला नव्हता. भांग रुंद झालाय. मधे कातडी दिसते, पांढरी. माझी बोटं थांबली. तिला कळू नये म्हणून पुन्हा चालवली.

चोळता चोळता ती झोपली. पाटावर बसूनच, भिंतीला डोकं टेकवून, तोंड थोडं उघडं. बाहेर फटाके फुटत होते तरी हलली नाही. कितीतरी दिवसांनी तिला झोपलेली बघितली. आई दारातून खूण करत होती, राहू दे, राहू दे.

पण तेलाचा तास भरला होता. कृतीत वेळेला महत्त्व असतं. उठवलं.

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं वर्णन करता येत नाही, आणि करायचंही नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शुभ वार्ता. काउंट ९४! कपाळाजवळ बारीक नवे केस उगवलेत, कुंपणासारखे उभे. ग्राफ उतरतोय. पंडितांना दाखवायला गेलो. त्यांनी वनजाचं विचारण्याआधी माझ्याच डोक्याकडे बघितलं. तुमचे छान झाले की हो, म्हणाले. मग विचारलं, पहिलं औषध चालू केलं का? मला आधी आठवेना. म्हटलं, दिवाळीत एकदा दिलं होतं, तासभर.

पंडित म्हणाले की आता आठ महिने झाले ना, थांबतंच. हेही डॉक्टरसारखंच बोलायला लागले. माझ्या कष्टाचं श्रेय काळाला.

आता मात्र वेगळी काळजी. केस परत आले की देव आपोआप नेणार नाही. म्हणजे सांगणं आलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

फळीवर दिवाळीनंतर नव्याने काढून दिलेली तेलाची बाटली सापडली. वनजाची. काठोकाठ भरलेली, झाकणाला मुंग्या. विचारलं. म्हणाली, दिवाळीनंतर लावलंच नाही. त्या दिवशी तिला सर्दी झाली, तिची पुट्टीला झाली, तेव्हाच ठरवलं की तेल बंद. तिने आपली ड्यूटी बदलून घेतलीय, दुपारची. पहाटे आई पुट्टीला घेते, वनजा सातपर्यंत झोपते. तीन आठवडे झाले.

मला कोणी सांगितलं नाही. मी रोज पहाटे इथेच बसून लिहितो, मला वाटलं अंगणात वनजाच आहे.

निष्कर्ष: तेलाचा परिणाम लावणं थांबवल्यावरही टिकतो. उरलेली बाटली मी घेतली.

३० नोव्हेंबर, रविवार

जावळाची सोय बघतो म्हणून एकटाच बसने नरसीपूरला जाऊन आलो. नदीवर न्हावी गाठला, वेंकोबा नाव, म्हातारा, मुलांच्या डोक्यावर वस्तरा असा फिरवतो की मूल झोपून जातं. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. डोळ्यात पाणी आलं. तो पान चघळत ऐकत होता.

योजना अशी: पुट्टीचं जावळ झालं की वेंकोबाने सहज म्हणायचं, आईचेही तीन बोटं केस द्यायची इथली पद्धत आहे. वनजा देईल. देव समजून घेईल. वेंकोबाचं म्हणणं पडलं की डोकं बोललात तर डोकं, तीन बोटांवर स्वामी ऐकतो का ते पुजाऱ्यांना विचारा. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

सगळं व्यवस्थित बसलं. बसमध्ये शेजारच्याने विचारलं की केसांना काय लावता.

७ डिसेंबर, रविवार. रात्री

कार्यक्रम योजनेप्रमाणे पार पडला. किरकोळ फरक.

सकाळच्या बसने आम्ही चौघं. बसमध्ये वनजाला सांगणारच होतो, पण खिडकीशी बसून ती पुट्टीला भाताची शेतं दाखवत होती, छान दिसत होती. कपाळावर नव्या केसांची झालर. म्हटलं, उतरल्यावर.

पुट्टीचं जावळ सुरेख झालं. रडली नाही. गोटा करून चंदन लावल्यावर आईने तिची दृष्ट काढली. मग मी वेंकोबाला खूण केली. तो वस्तरा पाण्यात बुचकळत, नदीच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला: आता मुडी यारदू? अम्मावर्दा?

मुडी कोणाची, बाईंची का?

आईला कन्नड माझ्याहून चांगलं येतं. मग जे व्हायचं ते झालं. मी बोलायला लागलो ते थांबेनाच. हॉस्पिटलचा व्हरांडा, शेंगा खाणारी बाई, रक्त, सगळं. आईने कपाळावर हात मारून घेतला. माझ्या पोटी जन्मून, म्हणाली, स्वतःच्या जिवंतपणी बायकोला विधवा करून ठेवलंस की रे! घाटावर माणसं जमली.

वनजा पायरीवर बसून राहिली, पुट्टी मांडीवर. तिने दोनच प्रश्न विचारले. पहिला, कधी बोललात. मी सांगितलं, डॉक्टर रक्त मागायला आली तेव्हा, तू जातेस असं वाटलं तेव्हा. त्यावर ती पुट्टीच्या डोक्यावरचं चंदन बोटाने सारखं करत राहिली. मला वाटलं, सुटलो.

दुसरा प्रश्न: तुमचे का नाही बोललात?

मी तयार उत्तर दिलं. देवाला द्यायचं ते मोलाचं, माझे केस द्यायचे म्हणजे अपमान. वनजाने माझ्या डोक्याकडे बघितलं. आईने बघितलं. जमलेल्या माणसांनी बघितलं. सकाळीच तेल लावून भांग पाडला होता. वेंकोबा म्हणाला, अपमान कसला सार्, असले केस तर या सीझनला घाटावर आले नाहीत.

पुजाऱ्यांना बोलावलं. त्यांनी निर्णय द्यायला एक मिनिटही घेतलं नाही. बोलला त्याने फेडायचा.

वनजा म्हणाली, बसा.

बसलो. मी स्वखुशीने बसलो हे इथे नमूद करतो. वस्तरा चालला. पाच महिन्यांचा ग्राफ मांडीवर पडत होता, पुंजक्या-पुंजक्यांनी. शेवटी वेंकोबाने मिशीवर बोट ठेवून विचारलं, ही राहू दे ना? मी मान हलवत होतो, तेवढ्यात वनजा म्हणाली, अदू तेगीरी. तीही काढा.

येताना बसमध्ये पुट्टी माझ्याकडे येईना. ओळखलंच नाही.

८ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळ

कॉलेज. गेटवरच्या शिपायाने हात जोडले. येन् सार्, यावाग आयितु? कधी झालं? मला कळलं नाही. स्टाफरूममध्ये गेलो तर सगळे उभे राहिले. डोकं, मिशी, दोन्ही गेलेली म्हटल्यावर घरात मोठं कोणी गेलं असंच धरतात, आणि माझे वडील जाऊन तर बारा वर्षं झाली. म्हणजे आई. प्रिन्सिपॉलांनी खांद्यावर हात ठेवून दहा दिवस रजा घ्या म्हटलं. मी नवसाचं सांगायला लागलो तर म्हणाले, बोलू नका, शांत राहा.

पद्मनाभला सकाळी क्लास होते, भेटला नाही. कॉलेज सुटल्यावर थेट घरी आला. माझ्या आईच्या हातचं पंधरा वर्षं जेवलाय. रिक्षातून उतरतानाच त्याचे डोळे लाल. दार वाजवलं. आईनेच उघडलं, हातात झारा. काय रे पद्मा, वडे तळतेय, बस की. पद्मनाभ पायरीवरून मागे पडला.

आईला सगळं कळल्यावर तिने झारा घेऊन मला शोधलं. काल बायकोला, आज आईला, उद्या कोणाला रे?

आणि वनजा हसली. आधी पदर तोंडावर धरला, मग राहवेना, भिंत धरून खाली बसली, हसता हसता डोळ्यांतून पाणी. पुट्टीही तिच्याकडे बघून हसायला लागली, दोन्ही हिरड्या उघड्या टाकून. मार्चपासून घरात असा आवाज नव्हता.

मीही हसलो. डोकं गार पडलं होतं.

९ डिसेंबर, मंगळवार. पहाटे ५.३०

एका हाताने लिहितोय. पुट्टी दुसऱ्या हातावर आहे. पाचला उठली तेव्हा आईच्या आधी मी घेतली. आधी रडली, मग माझ्या डोक्यावर हात फिरवला, मग स्वतःच्या. आता पेंगतेय.

आज काउंट घेतला नाही. वनजा उशीवर झोपली आहे, उशी कशी बघणार.

कालपासून तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर लिहून ठेवावं असं चाललंय. या वहीत एक तरी नोंद बरोबर असावी. मी ठिकठिकाणी लिहिलंय की विचार करून, मोलाचं म्हणून, वनजाचे बोललो. माझे केस मला सुचलेच नाहीत, असं वाचणाऱ्याला वाटेल.

सुचले होते. त्या व्हरांड्यात हात जोडले तेव्हा आधी तेच सुचले होते.

पुट्टी पुन्हा जागी झाली. अंगणात नेतो, वनजाला उठवायचं नाही.